माळटिटवीचा देव

“उचल! उचल तो दगड! आधी उचल म्हणतो ना!”

दादा ओरडत होता. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, आणि त्याचं ओरडणं म्हणजे तुमच्या-माझ्यासारखं नव्हे. अर्धं आयुष्य बोटीच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस. त्याच्या त्या हाकेने डोंगरावरच्या सड्याच्या दुसऱ्या टोकाला चरणारी म्हैस शेपूट वर करून उधळली, पालीच्या बाजारात एका वाण्याचा तराजू हलला, आणि वाटेवरच्या काजूचे चार बोंडू आपणहून गळून पडले. खोटं वाटेल, पण ते बोंडू मी स्वतः वेचून खाल्ले.

समोर खालच्या वाडीतली काकी उभी होती. डोक्यावर करवंदांची पाटी. तिने नुकताच एक दगड, फार तर आवळ्याएवढा, गुडघाभर उंच झालेल्या दगडांच्या राशीवर ठेवला होता आणि एका हाताने पाटी सावरत दुसऱ्या हाताने नमस्कार केला होता. देवाला वाहिलेली वस्तू परत उचल म्हणणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता.

“देवाचा दगड हाय तो,” ती म्हणाली. “उचलू कसा?”

“देव नाय तिथं. अंडी हायत!”

बाजाराचा दिवस होता. पालीला निघालेली माणसं एकामागून एक थांबायला लागली. ऊन डोक्यावर आलं होतं, आणि आमच्या सगळ्यांच्या माथ्यावर एक पाखरू गोल गोल फिरत टाहो फोडत होतं. ते मला ऐकू येत होतं. दादाला येत नव्हतं.

आता हे काय प्रकरण होतं ते सांगतो.

दादाला बोटीवरून उतरवला तो कानांपायी. इंजिनांनी त्याचे दोन्ही कान खाऊन टाकले होते. कंपनीच्या डॉक्टरने त्याच्या कानाशी घड्याळ धरलं, दादाने “कुठलं घड्याळ?” असं विचारलं, आणि नोकरी संपली. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच त्याला काही कळायचं. दिवाळीच्या आगेमागे तो घरी आला आणि ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसला. जेवायला हलवून बोलवायचं, झोपायला हलवून बोलवायचं. पाहुणे यायचे, त्याच्या पाठीला नमस्कार करून जायचे. वहिनीच्या भावाचं पालीला भुसार मालाचं दुकान होतं. त्याने दोनदा निरोप धाडला, भावोजींना पाठवा, गल्ल्यावर नुसतं बसू देत, ऐकायचं काम नाही. दादाने भिंतीलाही उत्तर दिलं नाही.

शेवटी एकदा वहिनी मला म्हणाली, “भावोजी, सगळ्या गावाला हसवता तुम्ही. ह्यांना एकदा घराबाहेर काढा. नाहीतर हा माणूस बसल्या जागी भिंतीत जिरून जाईल.”

गावाला हसवतो, हे खरं होतं. तालुक्यात माझ्याएवढा बोलणारा दुसरा नव्हता. मी सांगितलेल्या धनेश पक्ष्याने वनखात्याच्या साहेबाची टोपी पळवली होती आणि ढोलीत कोंडून घेतलेल्या बायकोला उशाला नेऊन दिली होती. मी पाहिलेला खेकडा हापूसच्या झाडावर चढून पिकलेलाच आंबा ओळखत असे. लोक पोट धरून हसत, चहा पाजत, आणखी सांग म्हणत, आणि एका अक्षरावर विश्वास ठेवत नसत. हा आमचा जुना करार होता, त्यात कुणाचंच नुकसान नव्हतं. गावात एकच माणूस असा, की ज्याने माझी एकही थाप ऐकली नव्हती. तो म्हणजे दादा. आधी तो बोटीवर होता, नंतर बहिरा.

त्याच्या ट्रंकेत एक जपानी दुर्बीण होती, कुठल्याशा बंदरात घेतलेली. मी ती काढली, त्याच्या गळ्यात अडकवली आणि बखोट धरून त्याला घाटीने वर सड्यावर नेलं. आमचा सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. नजर पोचेल तिथवर काळा जांभा कातळ, मधे मधे करवंदीच्या जाळ्या, खुरटलेलं ऐनाचं झाड, कुठे एखादा काजू. आणि तो उन्हाळा! कातळावर काढून ठेवलेली चप्पल आपल्या पायांनी सावलीकडे चालत जायची. सरडे एका वेळी दोनच पाय टेकायचे आणि उरलेले दोन निववायचे. एका कावळ्याला मी दुसऱ्या कावळ्याच्या सावलीत उडताना पाहिलं, आणि खालचा पुढे गेला की वरचा रागाने मागे फिरायचा.

एवढ्या उन्हात पक्षी बघायला जाणारे आम्ही दोघेच. लोकांना वाटलं बहिऱ्याबरोबर हाही गेला कामातून. पण उन्हाळ्यातच सड्यावर पाखरू लपत नाही. गवत वाळून जमिनीला चिकटलेलं, पानं झडलेली. वेडे राघू तारेवर बसल्यासारखे एका वाळक्या फांदीवर ओळीने बसत. कापशी घार वाऱ्यात एका जागी टांगून ठेवल्यासारखी थबके. चंडोल कातळावरून सरळ वर चढत जाई, गात गात, आणि दादा दुर्बीण वर वर नेत त्याला बघत राही. गाणं त्याच्यापर्यंत येत नव्हतं. म्हणून आमच्यात एक खूण ठरली. पाखरू बोललं की मी त्याच्या गुडघ्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे गातंय, दोन म्हणजे घाबरलंय. तो बघणार, मी ऐकणार. दोघांचं मिळून एक धड माणूस होत होतं.

माळटिटवीची अंडी त्यालाच दिसली. मी त्यांच्यावर पाय देणारच होतो. त्याने मागून गचांडी धरून मला असा उचलला, की काही वेळ मी सड्याच्या वर तरंगत होतो. पायाखाली चार अंडी. घरटं वगैरे काही नाही, उघड्या कातळावर चार खडे मांडावेत तशी. जांभ्याचा रंग, जांभ्याचे डाग. डोळे हटवले की हरवायची, परत शोधायला अर्धा तास. म्हणून दादाने वाटेच्या बाजूला, अंड्यांपासून चार पावलांवर पाच दगड एकावर एक रचले. खूण म्हणून. त्या पाच दगडांपासून सरळ ऐनाच्या खोडाकडे बघायचं, मधे अंडी.

त्या दिवसापासून दादाने भिंतीकडे तोंड करून बसायचं सोडलं. सकाळी पेज पिऊन तो माझ्याआधी तयार. लांबच्या एका जाळीच्या सावलीत आम्ही बसायचो, आणि तो दुर्बिणीतून मला बातम्या द्यायचा. नर-मादी पाळीपाळीने बसत. भर दुपारी तर ती अंडी उबवत नव्हती, निववत होती. पंख जरा उचलून उभी राहायची आणि अंगाची सावली अंड्यांवर धरायची. मग दुसरी यायची, पाळी बदलायची. येताना ती खालच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उरलेल्या शेवटच्या डबक्यात पोट भिजवून यायची, आणि ते ओलं पोट अंड्यांवर टेकवायची.

हे दादाने पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्याने दुर्बीण खाली केली. किती तरी महिन्यांनी तो आपणहून बोलला. “खाली इंजिनावर पाळी बदलायला आम्ही असेच जायचो,” तो म्हणाला. “ओला टॉवेल घेऊन. मानेवरचा वाळायच्या आत दुसरा पोचला पाहिजे.”

मी नुसता ऐकत बसलो. माझ्या बाबतीत ही गोष्ट वर्षातून एखाद्या वेळी घडते.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने वहिनीला सांगितलं, पिल्लं फुटली की पालीला जातो, तुझ्या भावाच्या दुकानात बसतो. सहज सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. वहिनीने दुसऱ्या दिवशी खापरोळ्या केल्या. तीस-चाळीस तरी असतील. मी खाल्लेल्याच तेवढ्या होत्या. आणि रोज आम्ही घरी आलो की ती दारातच विचारायची, “फुटली?” मी मान हलवायचो. “नाही फुटली अजून.” एवढा आमच्या घराचा जीव त्या चार खड्यांत अडकला होता.

आता मुद्द्याची गोष्ट. घाटी चढून वर आलं, की माथ्यावर दगडांची एक जुनी रास आहे. ओझं घेऊन येणाऱ्याने तिच्यावर एक दगड ठेवायचा, म्हणजे चढणीची दमणूक तिथेच राहते, पुढे पायांबरोबर येत नाही. कधीपासूनची रीत कोण जाणे. आमच्याकडची माणसं बँकेत पैसे ठेवणार नाहीत, पण राशीवर दगड ठेवल्याशिवाय पुढे पाऊल टाकणार नाहीत. आणि त्याच वाटेवर, थोडं पुढे, माझ्या दर्यावर्दी भावाने पाच दगड एकावर एक रचले. निम्मं आयुष्य पाण्यावर गेलेलं, त्याला रीत आठवली नाही. आणि मी दगडांकडे बघतच नव्हतो, मी पाखराकडे बघत होतो.

एक दिवस पाचाचे सात झाले. दादाला वाटलं गुराख्यांनी खोडी केली. त्याने दोन काढून फेकले. दुसऱ्या दिवशी अकरा. आम्ही पाडले. तिसऱ्या दिवशी रास आधीपेक्षा मोठी, आणि वर झेंडूचं फूल. आम्ही पाडत होतो आणि वाडीत बातमी जात होती, की कुणी तरी देवाला पाडतंय आणि देव पुन्हा उभा राहतोय. मग तर ज्यांना पालीला काही काम नव्हतं, तेही दगड ठेवायला वाट वाकडी करून यायला लागले.

लोकांनी मला विचारलं, अरे, तुम्ही दोघे तिथे रोज दुर्बीण लावून कसली राखण करता? आणि मी, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, न वाढवता, न सजवता, सरळ उत्तर दिलं. सांगितलं, माळटिटवीची चार अंडी आहेत, ती दगडांची रास निव्वळ खूण आहे, देव-बिव काही नाही, कृपा करा आणि त्या बाजूने जाऊ नका.

यावर वाडीने काय विचार केला असेल? अगदी रीतसर विचार केला. हा म्हणतो अंडी, म्हणजे अंडी नक्की नाहीत. हा म्हणतो देव नाही, म्हणजे देव आहे. हा म्हणतो जाऊ नका, म्हणजे गेलंच पाहिजे. मी म्हटलं असतं की तिथे सात फण्यांचा नाग सोन्याच्या घागरीवर बसून इंग्रजी पेपर वाचतो, तर लोक हसून आपल्या वाटेने गेले असते आणि अंडी वाचली असती. हे मला आज कळतं असंही नाही. तेव्हाच कळत होतं. पण ज्या गोष्टीवर दादाचा जीव होता, तिच्याबद्दल थाप मारायला माझी जीभ उचलेना.

तर तो बाजाराचा दिवस. काकीने दगड ठेवला, दादा जाळीतून उठून धावत गेला आणि ओरडला, मी त्याच्यामागे. माणसं जमली. पाट्या खाली उतरल्या, बिड्या पेटल्या. मुंबईहून सुट्टीवर आलेला एक चाकरमानी होता, टेरिकॉटची पॅन्ट, खिशात कंगवा. त्याने न्यायनिवाड्याला सुरुवात केली. म्हणाला, अंडी आहेत तर दाखवा. मी खूण केली, दादाने बोट दाखवलं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. कातळच दिसला. दादाने पुन्हा दाखवलं. पुन्हा कातळ. मी खुणेने म्हटलं एक उचलून दाखव, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोर आपटायला सांगितलं. पुढे जाऊन बघायला कुणी तयार नव्हतं, कारण ती देवाची जागा.

“बरं, तू सांग,” चाकरमानी माझ्याकडे वळून म्हणाला. “काय आहे तिथे?”

“माळटिटवीची चार अंडी.”

अख्खा सडा हसला. काकी डोळ्यांना पदर लावून हसली. एकाने विचारलं, सोन्याची काय रे? दुसरा म्हणाला, त्या धनेशाच्या बायकोने घातली असतील, टोपीत. मी आजवर कमावलेलं सगळं हसू मला एका हप्त्यात परत मिळालं. दादाला ते ऐकू आलं नाही. पण दिसलं. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता आणि मग माझ्याकडे बघत होता.

वर टिटवी ओरडत होती. दादा मघापासून ऊर फुटेपर्यंत बोलत होता, आणि त्याला माहीत नव्हतं की ती मघापासून ऊर फुटेपर्यंत बोलतेय. आमच्यामध्ये दहा माणसं उभी होती. माझा हात त्याच्या गुडघ्यापर्यंत पोचेना. कोपरं मारत मी कसाबसा घुसलो, त्याच्या मांडीवर दोन थापा मारल्या आणि वर बोट केलं.

तो तत्क्षणी गप्प झाला. वर बघितलं, कातळाकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं. त्याला सगळं एकदम कळलं. तो वळला आणि लांब चालत गेला, की निदान आपल्यामुळे तरी ती वर राहू नये. पण माणसं कुठे हलतायत! राखणारा गप्प होऊन निघून गेला, म्हणजे देवाची खात्रीच पटली. कुणी तरी बाजारासाठी नेत असलेल्यातला नारळ काढला. तो फोडला, वाटला. ज्याला त्याला वाटलं आता आलोच आहोत तर जरा टेकू या. ऊन कलायला लागलं तेव्हा कुठे शेवटची पाटी डोक्यावर चढली.

त्या कातळावर त्या दिवशी भाकरी भाजून निघाली असती. ही एक गोष्ट मी वाढवून सांगत नाही.

सगळे गेल्यावर टिटवी आली. पोट ओलं करून आली होती. नेहमीसारखी अंड्यांवर टेकली, पंख हलवून नीट बसली. दादा दुर्बिणीतून बघत होता. “टॉवेल आणला तिने,” तो म्हणाला. मग उठून घाटीची वाट धरली.

ती नंतरही बसत राहिली, हे सगळ्यात वाईट. पाळी बदलत राहिली, पोट भिजवून आणत राहिली. फुटायचे दिवस आले आणि गेले. वहिनीने दारात विचारायचं सोडून दिलं. मग एक दिवस दोन्ही पाखरं तिथे नव्हती. दादा पहिल्यांदाच जवळ गेला, उकिडवा बसला आणि एकेक अंडं उचलून कानाला लावलं. चारही. त्या कानांना, ज्यांना अगदी जवळ धरलेलं घड्याळ ऐकू येत नव्हतं. पुन्हा होती तशी ठेवली. घरी येऊन त्याने दुर्बीण ट्रंकेत टाकली, कुलूप लावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. पालीच्या दुकानात वहिनीच्या भावाने पुढे दुसरा माणूस ठेवला. त्याचं तरी काय चुकलं, किती थांबणार?

देवाचं मात्र बरं चाललं. पाठोपाठ कुणाची तरी हरवलेली म्हैस सापडली, आणि राशीला शेंदूर लागला. आज तिथे चौथरा आहे, पत्र्याचं छप्पर आहे, घंटा आहे. नवसाला पावतो म्हणतात. मी ज्या एकाच गोष्टीत आयुष्यात खरं बोललो, तिची ही पूजा.

काकी आमच्याकडे प्रसाद घेऊन आली. मनाने वाईट नव्हती ती. दादाचं तोंड भिंतीकडे बघून तिला कळवळा आला, आणि त्याची समजूत काढायला ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडून सांगू लागली, की आम्ही कसं मानायचं रे, तुझा भाऊ जन्मात कधी खरं बोललेला नाही. मग तिने त्याला धनेश सांगितला, टोपी सांगितली, खेकडा सांगितला. माझं सगळं भांडवल एका बैठकीत त्याच्या कानात ओतलं. दादाने सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच ऐकत होता. हसला नाही.

मी सड्यावर जात राहिलो, एकटाच, दुर्बिणीशिवाय. आणि मे संपत आला होता तेव्हा, पार पलीकडच्या टोकाला, जिथे ना वाट ना देव, मला टिटव्या दिसल्या. दोन्ही. माझ्या अंगावर येऊन ओरडायला लागल्या. मी जागच्या जागी बसलो, डोळे फाडून कातळ बघत राहिलो, आणि कातळाचा एक तुकडा उठून पळाला. पिल्लू. भाजलेल्या काजूबीला दोन काड्या टोचाव्यात एवढं. पळालं, थांबलं, पुन्हा कातळ झालं. मग दुसरं उठलं. त्यांनी पुन्हा अंडी घातली होती, आम्हाला न विचारता, कुणी खूण न करता.

मी घाटी उतरून असा पळालो, की माझी सावली घरी पोचली तेव्हा मी पाणी पिऊन बसलो होतो. बसलो कसला, ओटीवर दादाच्या शेजारी गुडघे टेकले होते. त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. एकच. त्याने मान वळवली. मी त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, दोन पिल्लं आहेत, डोळ्यांनी बघितली, आत्ता चल, दाखवतो. वहिनी आतून पिठाचे हात घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

दादाने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. सड्यावर माणसांच्या तोंडांकडे बघितलं होतं, तसंच. मग गुडघा जरा बाजूला घेतला.

“तू सांगतोस,” तो म्हणाला, “तर असतील.”